नक्कल आणि रुजवात

सरकारी कचेरींतून एखाद्या कागदाची नक्कल घेतली म्हणजे तिच्या तळाशीं दोन सह्या आढळतात. एक नक्कल करणाराची व दुसरी रुजवात घेणाराची. पहिल्याचें काम कोणासही समजतें. दुसरा मात्र बाहेरून पाहणारास बिनकामाचा वाटतो. कारण तो नवें कांहींच लिहीत नाहीं, लिहिलेलेंच मूळ कागदाशीं ताडून पुन्हा वाचतो. परंतु नक्कल कोर्टांत उभी राहते ती ह्या दुसऱ्याच्या भरंवशावर. रुजवातीवांचून राहिलेली नक्कल म्हणजे मूळ कागदाविषयींची एक ऐकीव हकीकत. ह्यापलीकडे तिला किंमत नाहीं.

हें जुनें तत्त्व आम्हांस खऱ्या अर्थानें कळलें तें संगणकाच्या तबकड्या उतरवितांना. इ. स. २००६ पासून पुढें सात-आठ वर्षें आम्ही हौसेखातर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडी उतरवून मित्रांस, आप्तांस व चार-दोन शाळांस देत असूं. हा उद्योग पैशाचा नव्हता, व कीर्तीचा तर नव्हताच. घरांतील मंडळी त्यास ‘तबकडीपुराण’ म्हणत. तें पुराण आतां जवळजवळ आटोपलें आहे. नव्या लॅपटॉपांस तबकडी घालण्याची फटच उरलेली नाहीं. तरी त्यांतील रुजवातीचा अध्याय अजून चालू आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित घरांत तो कोणी उघडूनही पाहिलेला नाहीं, म्हणून हा लेख.

ज्या वाचकांचा संगणकाशीं संबंध पत्रें लिहिण्यापुरता व चित्रपट पाहण्यापुरता आहे, त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें जरूर आहे. यंत्र विकत आणलें म्हणजे तें आपण होऊन कामास लागत नाहीं. त्याच्या पोटांत आधीं एक कारभारी बसवावा लागतो. कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर नेणें, कोणती फाइल कोठें ठेवली हें ध्यानांत ठेवणें, छपाईच्या यंत्राशीं बोलणें, हीं कामें त्या कारभाऱ्याचीं. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा सर्वांच्या ओळखीचा कारभारी. लिनक्स हा दुसरा, कमी बोलबाल्याचा. ज्या तबकडीवरून हा कारभारी यंत्रांत उतरवावयाचा ती इन्स्टॉलेशन डिस्क. घराच्या दरवाजावर जो पुढें पहारा करणार, त्यालाच आपण ह्या तबकडीवरून आंत घेतों. आणि त्याची स्वतःची झडती घेण्यास त्या वेळीं यंत्रांत दुसरें कोणीही नसतें.

गाण्याच्या तबकडीवर चरा पडला तर कान लगेच तक्रार करतो. १९८२ सालीं ही सीडी प्रथम बाजारांत आली ती गाण्यासाठींच, आणि गाण्यांत एखादा स्वर पुसट झाला तरी श्रोता उदारपणें तो मनांत भरून काढतो. कारभाऱ्याच्या तबकडीस असा उदार श्रोता लाभत नाहीं. म्हणून तिच्यावर मजकूर लिहितांना दर २,०४८ अक्षरांमागें २७६ अक्षरें केवळ डागडुजीसाठीं जास्त लिहिलेलीं असतात. मधलीं कांहीं अक्षरें पुसलीं गेलीं तर त्यांच्या आधारें वाचणारें यंत्र तीं पुन्हा सिद्ध करतें. योजना मोठी सुंदर आहे. परंतु तिच्यामुळें तबकडी आपलें दुखणें लपवूं शकते. ती झिजत असते, आंतल्या आंत डागडुजी चालू असते, वापरणारास त्याचा पत्ताही नसतो. आणि मग एके दिवशीं डागडुजीची मर्यादा ओलांडली म्हणजे ती एकदम मुकी होते. आमच्या ओळखीच्या कांहीं माणसांचीही प्रकृति अशीच आहे.

त्या काळीं पुण्यास पासोड्या विठोबाच्या आसपास व मुंबईस लॅमिंग्टन रोडवर हिंडणारास ठाऊक असेल कीं, तबकड्यांची नक्कल हा केवढा धंदा होता. प्रत्येक सोसायटींत एक ‘विंडोज टाकून देणारा मुलगा’ असे. त्याच्या पाठीवरच्या पिशवींत चेनचें एक पाकीट, व त्यांत तीस-चाळीस तबकड्या, काळ्या मार्करनें नांवें घातलेल्या. यंत्र मंदावलें कीं तो ‘फॉरमॅट मारतों, काकू’ म्हणे, चहा घेई, आणि तासाभरांत यंत्र नवें करून जाई. तो मुलगा हुशार असे व लबाड क्वचितच असे. परंतु त्याच्या पाकिटांतील तबकडी ही कोणाच्या तरी नकलेची नक्कल, तीही तिसऱ्या कोणाच्या नकलेवरून घेतलेली. मूळ कोणाच्या घरीं होतें हें त्यालाही माहीत नसे. विंडोजच्या अशा नकला कायद्यानें गुन्हा होता, ही गोष्ट वेगळीच. त्या आम्हीं कधीं केल्या नाहींत. आम्ही उतरवीत असूं तें लिनक्स, ज्याची नक्कल करण्यास त्याच्या कर्त्यांची परवानगीच असते. उबुंटु नांवाच्या लिनक्सच्या तबकड्या तर २००५ पासून २०११ पर्यंत मागेल त्याच्या पत्त्यावर टपालानें फुकट येत, आणि वापरून झाल्यावर तिची नक्कल करून शेजाऱ्यास द्यावी असा त्या देणाऱ्यांचा आग्रह असे.

ह्या छंदास गंभीर वळण लागलें तें एका गुरुजींमुळें. तालुक्याच्या एका गांवीं ते शिक्षक होते. शाळेंत संगणक एकच, आणि तो चालविणारे तेच. यंत्र फार मंदावलें म्हणून त्यांनीं बाजारांतल्या एका दुकानांतून तबकडी आणली व रविवारीं शाळेंत जाऊन ती घातली. इन्स्टॉल करणाऱ्या तबकडीचा क्रम असा असतो कीं, ती आधीं जुनें पाडते व मग नवें बांधूं लागते. हिनें जुनें सर्व पाडलें. नवें निम्म्यावर आलें, आणि अमुक एक फाइल वाचतां येत नाहीं असें सांगून ती थांबली. पुन्हा लावली, पुन्हा तेथेंच थांबली. त्या हार्ड डिस्कवर तीन वर्षांचे निकाल होते, दाखल्यांच्या याद्या होत्या, शिष्यवृत्तीच्या मुलांचीं नांवें होतीं. दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, “आमच्याकडे तर चालते, सर.” आणि खरोखरच ती त्याच्याकडे चालली. पुढें दोन महिने गुरुजी रात्रीं कंदिलासारखा मिणमिणणारा दिवा घेऊन माळ्यावरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडीत बसले होते. आमच्याकडे आले तेव्हां त्यांनीं कोणाला शिव्या दिल्या नाहींत. एवढेंच विचारलें, “अण्णा, ही तबकडी खराब आहे हें घालण्यापूर्वीं समजण्याचा कांहीं उपाय नव्हता का?”

उपाय होता, आणि तो फुकट होता. हें त्यांस सांगणें आम्हांस फार जड गेलें.

तो उपाय असा. तबकडीवर जावयाचा सर्व मजकूर एकाच मोठ्या फाइलींत बांधलेला असतो. तिला आयएसओ म्हणतात. सीडीच्या बाबतींत ती भरली म्हणजे सुमारें ७३ कोटी अक्षरांची होते. ह्या सबंध फाइलीवर एक ठराविक गणित चालविलें म्हणजे तिचा अर्क निघतो. बत्तीस किंवा चौसष्ट चिन्हांची एक ओळ, शून्य ते नऊ हे आंकडे व ए ते एफ हीं सहा इंग्रजी अक्षरें मिळून बनलेली. हा चेकसम. त्या ७३ कोटींतील एक अक्षर जरी बदललें तरी अर्काची ओळ ओळखूं येणार नाहीं इतकी पालटते. मूळ कर्ते आपल्या फाइलीबरोबर ही ओळ प्रसिद्ध करतात. आपण आपल्या हातांतील फाइलीचा अर्क काढावयाचा व दोन्ही ओळी ताडून पाहावयाच्या. बस्स, रुजवात झाली.

पण ही झाली फाइलीची रुजवात, तबकडीची वेगळी. फाइल निर्दोष उतरली तरी ती तबकडीवर कोरतांना बिघडूं शकते, आणि बहुतेक लोक येथेंच थांबतात. कोऱ्या सीडींत प्लास्टिकच्या पोटांत रंगाचा एक पातळ थर असतो, व लेसरचा किरण आंतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे एका लांबलचक सर्पिल रेषेनें त्यावर खुणा करीत जातो. जुन्या यंत्रांत असें होई कीं, संगणक मध्येंच दुसऱ्या कामांत गुंतला, मजकूर वेळेवर पोंचला नाहीं, आणि किरण कोरड्या दौतींत बुडविलेल्या बोरूसारखा थबकला, कीं तबकडी फुकट. अशा तबकड्या पुढें कबुतरें हाकलण्यासाठीं गॅलरींत टांगलेल्या दिसत. २००० च्या सुमारास थबकल्या जागेवरून पुन्हा लिहूं लागण्याची युक्ति निघाली व ह्या संकटाचें निवारण झालें. दुसरा एक घोटाळा मात्र युक्तीच्या पलीकडचा होता. कित्येकजण ती आयएसओ फाइल उलगडून कोरण्याऐवजीं जशीच्या तशी एक वस्तु म्हणून तबकडीवर ठेवीत. म्हणजे पोथी उतरून घ्यावयास सांगितली असतां रुमालांत बांधलेलें बासनच देव्हाऱ्यांत मांडावें, तसें. मग तबकडी चालत नाहीं म्हणून लिनक्सलाच बोल!

कोरलेली तबकडी वाचून पाहण्याच्याही रीतीभाती आहेत. लिहून झाल्याबरोबर ती एकदां बाहेर काढून पुन्हा आंत ढकलावी. नाहीं तर यंत्र तबकडी न वाचतां नुकतेंच आपल्या स्मरणांत राहिलेलें म्हणून दाखवितें, आणि पाठांतराला आपण वाचन समजतों. मूळ फाइल जेवढी लांब तेवढाच भाग वाचावा; कारण कोरणारें यंत्र शेवटीं कांहीं कोरे भाग जोडून ठेवतें, ते हिशेबांत धरले तर निर्दोष तबकडीचाही अर्क जुळत नाहीं. आणि शक्य तर ती दुसऱ्याच यंत्रांत वाचून पाहावी. आपलें अक्षर आपल्याला नेहमींच लागतें. गिचमिड अक्षराची परीक्षा शेजाऱ्यानें करावयाची असते. गुरुजींच्या दुकानदाराचें ‘आमच्याकडे चालते’ हें अगदीं खरें होतें, तें ह्याच अर्थानें.

आमच्या घरीं ओळी ताडण्याचें काम आम्ही व आमची कन्या मिळून करीत असूं. ती त्या वेळीं मराठी सहावींत होती. आम्हीं पडद्यावरची ओळ वाचावी, तिनें कागदावरची पाहावी: सात, बी, दोन, दोन, नऊ, एफ… संगणकाला हें ताडण्याचें काम सांगतां येतें हें आम्हांस ठाऊक होतें, पण दोघांनीं मोठ्यानें वाचण्यांत एक गंमत होती, आणि खरें सांगावयाचें तर त्या निमित्तानें ती अर्धा तास आमच्याजवळ बसे. वैदिक मंडळींचें घनपाठाचें पठण ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांस आमच्या त्या सायंकाळच्या घोषाची कल्पना येईल. पहिला शब्द, दुसरा, दुसरा, पहिला, पहिला, दुसरा, तिसरा, मग तिसरा, दुसरा, पहिला, पुन्हा सरळ. अर्थाच्या दृष्टीनें ह्या उलट-सुलट म्हणण्यांत कांहीं राम नाहीं. परंतु एखादा शब्द गळला किंवा एखादा स्वर ढळला तर ती चूक इतक्या ठिकाणीं डोकें वर काढते कीं, तिला लपावयास जागा राहत नाहीं. लेखनाचा आधार न घेतां हजारों वर्षें मजकूर जपणाऱ्यांनीं डागडुजीचीं २७६ अक्षरें आपल्या पद्धतीनें शोधून काढलीं होतीं, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. अर्थात् त्यांनीं विमानेंही शोधून काढलीं होतीं असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं.

थोड्याच दिवसांत कन्येनें आक्षेप काढला. “बाबा, पहिलीं चार आणि शेवटचीं चार जुळलीं, आतां मधलीं सगळीं कशाला वाचतां?” आक्षेप हिशेबी होता. प्रत्येक जागीं सोळा चिन्हांपैकीं एक, म्हणजे आठ जागा योगायोगानें जुळण्याचा संभव सुमारें ४२९ कोटींत एक. चरा, धूळ, अर्धवट उतरलेली फाइल, थबकलेला किरण, ह्यांपैकीं कोणालाही एवढा योगायोग साधणार नाहीं. तेव्हां दोष जर गफलतीचा असेल, तर पोरीचें म्हणणें सोळा आणे बरोबर.

परंतु दोष दोन प्रकारचे असतात, आणि आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणाचें मर्म एवढ्याच भेदांत आहे. पोथ्या उतरून घेणारे जुने लेखक शेवटीं अशी विनवणी करीत कीं, मूळांत जसें दिसलें तसें आम्हीं उतरलें, चुकलें असेल तर आम्हांस बोल लावूं नये. हा गफलतीचा दोष. नजर घसरली, ओळ गळली, दिवा मंद होता. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीनशें वर्षें हातोहात फिरल्यानंतर एकनाथमहाराज शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, तिचें शुद्धीकरण करावयास बसले तेव्हां त्यांच्यापुढें असे दोष असतीलच. परंतु शुद्ध प्रत तयार झाल्यावर त्यांनीं पुढच्यांस जी ताकीद देऊन ठेवली, ती गफलतीविरुद्ध नाहीं. तींत कोणी आपली ओवी घुसडूं नये ह्याविषयीं आहे. हा क्षेपकाचा दोष. गफलत करणारा आंधळा असतो; क्षेपक घालणारा डोळस असतो. मागची-पुढची ओवी, यमक, शैली, सर्व पाहून तो आपला मजकूर असा बेमालूम बसवितो कीं, वाचणारास सांधा लागूं नये. जी चाळणी आंधळ्याला पकडते ती डोळसाला पकडीलच असें नाहीं.

आठच चिन्हें पाहणारा गृहस्थ आपल्याला माहीत असेल, तर डोळस माणूस आपल्या बनावट फाइलीच्या शेवटीं निरुपयोगी अक्षरें पुन्हा पुन्हा बदलीत बसेल, व ४२९ कोटींच्या आसपास प्रयत्न केल्यावर नेमकीं तींच आठ चिन्हें जुळवून आणील. माणसाला हें अशक्य. आजच्या यंत्रांस नाहीं. म्हणून मधल्या चिन्हांचें वाचन.

क्षेपकाची भीति काल्पनिक आहे असें कोणास वाटत असेल, तर २०१६ सालची गोष्ट सांगतों. लिनक्स मिंट नांवाचें एक लोकप्रिय लिनक्स आहे. त्या वर्षीं २० फेब्रुवारीस कोणी चोरानें त्याच्या संकेतस्थळांत शिरून तेथील दुवा बदलला. त्या दिवशीं सतराव्या मालिकेंतील एक आवृत्ति उतरून घेणारांस मूळ फाइलीच्या ऐवजीं मागील दार उघडें ठेवलेली बनावट फाइल मिळूं लागली. कर्त्यांनीं लगेच जाहीर करून लोकांस सावध केलें, हें त्यांस भूषणावह आहे. पण वाचकांनीं क्षणभर विचार करावा. ती बनावट फाइल तबकडीवर अत्यंत शुद्ध कोरतां आली असती. एक अक्षरही न ढळतां. आमची तबकडीची सगळी परीक्षा, बाहेर काढून आंत ढकलणें, दुसऱ्या यंत्रांत वाचणें, सर्व तिनें मानानें पार केली असती. विषाचीही निर्दोष नक्कल होऊं शकते. आणि मूळ ओळीशीं ताडून पाहावें म्हटलें, तर ज्याला पानावरील दुवा बदलतां येतो त्याला त्याच पानावर शेजारीं छापलेली चेकसमची ओळ बदलण्यास कितीसा वेळ लागणार? ज्याच्यावर संशय त्याच्याकडूनच त्याच्या सचोटीचा दाखला घेण्यापैकीं हें आहे. विंडोजच्या अस्सल तबकडीवर होलोग्रामचें चमचमतें चित्र असे, त्याचें वर्म हेंच कीं तो दाखला बनविणें नकला करणारास सोपें पडूं नये.

लिनक्सवाल्यांनीं होलोग्रामच्या ऐवजीं सहीचा मार्ग धरला. चेकसमची जी यादी असते तिच्यावर कर्ता आपल्या गुप्त किल्लीनें सही करतो, व त्याच्या उघड किल्लीनें ती सही कोणासही पडताळतां येते. फिल झिमरमन ह्यानें १९९१ सालीं ही विद्या पीजीपी ह्या नांवानें सामान्य लोकांच्या हातीं दिली. आतां चोराला पानावरची ओळ बदलून भागत नाहीं. त्याला सहीही बनवावी लागते, आणि ती गुप्त किल्लीवांचून बनत नाहीं. परंतु लगेच पुढचा प्रश्न येतो: ही उघड किल्ली त्याच कर्त्याची, हें कशावरून? येथें गणित हात टेकतें व माणसें पुढें येतात. डेबियन ह्या १९९३ पासून चालत आलेल्या लिनक्सची मंडळी एकमेकांस समक्ष भेटतात, ओळखपत्रें दाखवितात, आपापल्या किल्लीच्या ठशाचे चाळीस आंकडे वाचून दाखवितात, आणि मग घरीं जाऊन एकमेकांच्या किल्ल्यांवर ग्वाहीच्या सह्या करतात. ‘क’वर ‘ख’चा विश्वास, ‘ख’वर ‘ग’चा. आमच्या वाचकांस ही पद्धत परकी वाटूं नये. मुलीसाठीं स्थळ आलें म्हणजे आपण दुसरें काय करतों? मुलाकडच्यांनीं दिलेल्या माहितीवर न थांबतां, त्यांच्याशीं नातें नसलेल्या दोन-तीन ठिकाणीं स्वतंत्रपणें चौकशी करतों, आणि सर्वांचें बोलणें जुळलें म्हणजे होकार कळवितों.

अर्क काढण्याचें गणितही जुनें होत असतें, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. आमच्या तबकड्यांच्या काळीं बत्तीस चिन्हांचा एमडी-५ सर्वत्र रूढ होता. रॉनल्ड रिव्हेस्ट ह्यांनीं १९९१ सालीं रचलेला. शाओयुन वांग ह्या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालींच दाखवून दिलें होतें कीं, दोन भिन्न मजकूर मुद्दाम असे बनवितां येतात कीं त्यांचा एमडी-५ एकच निघावा. पुढें फेब्रुवारी २०१७ मध्यें ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था व गूगल ह्यांनीं चाळीस चिन्हांच्या एसएचए-१ चीही तीच वाट लावली. आतां चौसष्ट चिन्हांचा एसएचए-२५६ चालतो. ह्यावरून एमडी-५ अगदींच टाकाऊ ठरला असें समजूं नये. दुसऱ्यानें आधींच तयार केलेल्या फाइलीला जुळी बहीण शोधून काढणें हें निराळें व कितीतरी कठीण काम आहे, आणि चरा किंवा धूळ पकडण्यास तो आजही पुरेसा आहे. आंधळ्यासाठीं तो चालेल. डोळसापुढें तो उभा करूं नये.

एवढी चौकशी झाल्यावर तरी निश्चिंत झोपावें कीं नाहीं? केन टॉम्प्सन ह्यांनीं, जे स्वतः युनिक्स ह्या थोर ऑपरेटिंग सिस्टिमच्या जनकांपैकीं एक, १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणांत ह्या झोपेचें खोबरें करून ठेवलें आहे. मनुष्यानें लिहिलेलें मूळ पाठ यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो कंपायलर, त्याच्यांतच क्षेपक घातला, तर मूळ पाठ कितीही निर्मळ असला तरी तयार होणारी वस्तु दूषित निघेल, आणि मूळ पाठ वाचून तें कोणाच्याही ध्यानांत येणार नाहीं, असें त्यांनीं उदाहरणानें दाखविलें. म्हणजे सही खरी, अर्क खरा, कर्ताही सज्जन. आणि तरी वस्तु दूषित! ह्यावर २०१३ च्या सुमारापासून डेबियनच्या मंडळींनीं एक उपाय चालविला आहे. एकाच मूळ पाठावरून निरनिराळ्या माणसांनीं आपापल्या यंत्रांवर स्वतंत्रपणें वस्तु तयार करावयाची, व त्या अक्षरशः सारख्या निघतात कीं नाहीं हें पाहावयाचें. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरें केलें, तेव्हां देशांतल्या नाना लिपींतील पोथ्या शेजारीं शेजारीं मांडून पाठ ताडले गेले. ह्या उपायांत त्याच शहाणपणाचा अंश आम्हांस दिसतो. एका साक्षीदाराला फितवितां येतें. एकमेकांस न ओळखणाऱ्या पन्नासांना फितविणें खर्चाचें काम आहे.

तबकडी गेली आणि तिच्या जागीं पेन ड्राइव्ह आला, ह्यांत सोय झाली ह्याबद्दल वाद नाहीं. तरी तबकडीचा एक गुण त्यांत नाहीं. एकदां कोरून बंद केलेली तबकडी शिलालेखासारखी. तिच्यांत मागाहून कोणाला भर घालतां येत नसे. पेन ड्राइव्ह ही पाटी. ती विंडोजच्या यंत्रांत नुसती खोंचली तरी विंडोज आपलें एक फोल्डर तिच्यावर करून ठेवतो, आणि मग सकाळीं जुळलेला अर्क संध्याकाळीं जुळत नाहीं. आमच्या कपाटांत अजून साठ-सत्तर तबकड्या आहेत. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीच्या वेळीं बाहेरून जोडावयाचें एक यंत्र मागून आणून त्या आम्हीं एकेक वाचून पाहिल्या. प्रत्येकीच्या पाकिटावर कन्येच्या सहावींतल्या अक्षरांत पेन्सिलीनें बत्तीस चिन्हें लिहिलेलीं आहेत. कपाटाच्या आंतल्या अंगाच्या बहुतेक जुळल्या. खिडकीकडच्या कप्प्यांतल्या कित्येक वाचल्याच गेल्या नाहींत. रंगाचा थर उन्हाला टिकत नाहीं, पेन्सिल टिकते.

गुरुजींचा परिपाठ मात्र अजून चालू आहे. शाळेंत आतां बारा संगणक आहेत. दर जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं ते नवें लिनक्स उतरवून घेतात, आणि कोणत्याही यंत्राला हात लावण्याच्या आधीं आम्हांस दूरध्वनि करतात. आम्हीं इकडे आमच्या वाटेनें यादी मागवून सही पडताळून ठेवलेली असते. ते वाचतात, आम्ही ताडतों. एकदां घाईंत होतों म्हणून, गुरुजी, पहिलीं चार आणि शेवटचीं चार सांगा, पुरे, असें आम्ही म्हटलें, तर ते ऐकेनात. “अण्णा, मधले छप्पन राहतात,” असें म्हणून त्यांनीं पहिल्यापासून सुरुवात केली. दूरध्वनींत बी आणि डी ह्यांचा घोटाळा होतो, म्हणून हल्लीं ते ‘बदकाचा बी’ आणि ‘डमरूचा डी’ असें वाचतात.